रोपवाटपाच्या आधी बाग शिकवणारी माणसे घडवायला हवीत

मृग लागला की आपल्या नागपुरात रोपवाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, पेरू अशी रोपे लोकांच्या हाती दिली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि सर्व जण समाधानाने घरी जातात. पुढच्या नवतप्यापर्यंत, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, त्यांतील किती रोपे जगली, याची चौकशी करायला मात्र कुणी त्या घरी जात नाही. गेली सहा वर्षे मी त्रिमूर्ती नगर आणि मानेवाडा परिसरात गच्चीवरील व परसातील बागेचे विनामूल्य वर्ग घेत आहे. या काळात माझे मत पक्के झाले आहे की, प्रत्येक वस्तीत बाग शिकवू शकणारी चार-पाच माणसे तयार करणे हे रोपे वाटण्याच्या आधीचे काम आहे आणि त्या माणसांना शिकवण्याचेही रीतसर प्रशिक्षण द्यावे लागते. स्वतःची बाग उत्तम फुलवणाऱ्या व्यक्तीला ती दुसऱ्याला शिकवता येईलच, असे नसते.

हे मला माझ्याच चुकीतून कळले. पहिल्या वर्गाला एका समाजभवनात चाळीसेक महिला आल्या होत्या. दोन तासांत मी माती, खत, बियाणे, कीड, पाणी असे सगळे सांगून टाकले. आठ दिवसांनी त्यांतील एका काकूंच्या घरी गेले, तर त्यांनी काटोलजवळच्या भावाच्या शेतातून आणलेली काळी माती तळाला भोक नसलेल्या बादलीत काठोकाठ भरून तिच्यात बोटाच्या दोन पेरांइतके खोल मिरचीचे बी घातले होते. वर भेगा पडल्या होत्या. ओतलेले पाणी मातीत न मुरता भेगांतून थेट तळाशी जाऊन साचत होते. “ताई, तुम्ही सांगतलं तसंच तं केलं ना,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. काळी माती कसदार असते, एवढेच मी सांगितले होते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून कुंडीत ती एकटी वापरायची नसते, तिच्यात शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी जाड रेती मिसळावी लागते, हे माझ्या बोलण्यात आलेच नव्हते. मिरचीचे बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट मातीखालीच असावे, हेही मी हाताने करून दाखवले नव्हते.

त्यानंतर मी शिकवणाऱ्यांच्या तयारीकडे अधिक लक्ष देऊ लागले. आमच्याकडे जे स्वयंसेवक येतात, त्यांना पहिल्या दिवशी एक पिवळी पडलेली कुंडी समोर ठेवून सांगितले जाते की, दहा मिनिटे सल्ला द्यायचा नाही, केवळ बघायचे आणि विचारायचे. ऊन किती तास येते, पाणी नळाचे की बोअरचे, शेवटचे खत कधी दिले, कुंडीला भोक आहे का? बहुतेकांना हे फार कठीण जाते, कारण “शेणखत टाका” हे उत्तर आपल्या ओठांवर तयारच असते. परंतु खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता संभवते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर बहुधा झाडाला लोह मिळत नसते, आणि आपल्या चुनखडीयुक्त मातीत ही अडचण नेहमीची आहे. ही दोन झाडे दुरून सारखीच दिसतात. जवळ जाऊन पान उलटून पाहणे ही सवय आहे आणि ती लावावी लागते.

दुसरा माझा आग्रह मुदतीचा आहे. एका दिवसाच्या शिबिरातून बाग शिकवणारा तयार होत नाही. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, गच्चीची स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. ज्याने एक मे महिना स्वतःच्या कुंड्यांसह काढलेला नाही, त्याने दुसऱ्याला शिकवायला उभे राहू नये, असे मी स्पष्टपणे म्हणते. हिरवी जाळी कोणत्या बाजूने बांधावी, कुंड्या एकमेकींना चिकटून का ठेवाव्यात, वाळलेल्या पानांचे आच्छादन किती जाड असावे, हे त्या एका महिन्यात जितके कळते तितके वहीत लिहून कळत नाही. कूलरच्या पाण्याचेच उदाहरण घ्या. पाणी वाया जाऊ नये म्हणून टाकीत उरलेले पाणी आपण प्रेमाने कुंड्यांत ओततो. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या टाकीच्या तळाचे पाणी अधिकच खारट झालेले असते. कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसू लागला की आधी कूलरची चौकशी करावी.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाच्या विस्तार सेवेकडे (शेती-बागेचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या विभागाकडे) शहरी लोकांचे घरगुती बागेविषयीचे प्रश्न इतके येऊ लागले की कर्मचारी अपुरे पडू लागले, म्हणून १९७३ मध्ये तेथे ‘मास्टर गार्डनर’ नावाने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणे सुरू झाले. अट सरळ होती: आम्ही तुम्हाला शिकवतो, त्याच्या बदल्यात तुम्ही ठरावीक तास लोकांना द्या. आपल्याकडे १९७४ मध्ये पुदुच्चेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले, तेही प्रत्यक्ष करून शिकण्याच्या तत्त्वावरच, परंतु त्याचा रोख शेतकऱ्याकडे आहे आणि तो तसाच असायला हवा. शहरातील चार कुंड्यांच्या मालकाने कुणाकडे जावे, हा प्रश्न मात्र उरतो.

खरे तर याबाबतीत नागपूरइतके भाग्यवान शहर विरळाच. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, वर्धा मार्गावर कापूस संशोधन संस्था आहे. महापालिकेचे १० झोन आहेत. प्रत्येक झोनमधून पंधरा स्वयंसेवक निवडावेत, मृग ते मृग असे वर्षभर त्यांना शिकवावे आणि त्यांच्याकडून आपल्याच वस्तीत पन्नास तासांचे शिकवणे लिहून घ्यावे, एवढी माझी मागणी आहे. स्वयंसेवकाला उत्तर येत नसेल तर त्याने “विचारून सांगते” असे म्हणावे आणि त्याला विचारायला यांपैकी एखाद्या संस्थेत हक्काचे माणूस असावे. बसभाडेही द्यावे. पदरमोड करून माणसे फार दिवस टिकत नाहीत.

निवडीत शिक्षणाची अट ठेवू नये, हे मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. आमच्या गटात भंडारा जिल्ह्यातून आलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या एक मावशी आहेत. दोडक्याचे आणि वालाचे बी राखेत घोळवून वर्षभर कसे जपायचे, हे मी त्यांच्याकडून शिकले. प्रारंभी त्या लोकांसमोर बोलायलाच तयार नव्हत्या. आज त्यांच्या गल्लीतील सात घरांच्या दारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरची आहे.

गेल्या रविवारी त्या एका नव्या सुनेला कुंडीसाठी माती कालवायला शिकवत होत्या. ओलसर मिश्रण मुठीत दाबायचे आणि झालेला गोळा बोटाने टोचायचा. तो फुटला तर माती जमली, नुसताच दबला तर काळी माती जास्त झाली. त्या मुलीचा गोळा तीनदा दबला. माझा हात नकळत पुढे गेला होता, पण मावशींनी स्वतःचे दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले होते. “अजून थोडी रेती घे बाई, अन् तूच पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या. चौथा गोळा फुटला.