युद्धातल्या बायकांसाठी घरी स्क्रीनिंग ठेवताय? आधी खुर्च्या मोजा

सगळ्यात आधी अभिनंदन. जगात कुठेतरी बायका युद्धात भरडल्या जातायत आणि तुम्ही नुसत्या हळहळत न बसता स्वतःच्या हॉलमध्ये डॉक्युमेंटरी लावायचं ठरवलंत, म्हणजे अर्धं काम झालंच की, उरलेलं अर्धं म्हणजे मेन्यू. मी आत्तापर्यंत असे दोन कार्यक्रम केलेत त्यामुळे अनुभवाचं सांगतेय, घ्यायचं तर घ्या.

युद्ध नीट निवडा. ताजं युद्ध अजिबात नको. सुदानचं एप्रिल 2023 मध्ये सुरू झालं, ते लावलंत की दिवे लागल्यावर कोणीतरी हमखास विचारणार 'मग आपण काय करायचं?' आणि या प्रश्नावर सगळे गप्प होतात नि तेवढ्यात वडे गार होतात. कांगोही नको, तिथल्या बुकावूच्या पांझी हॉस्पिटलात बायकांवर कसल्या कसल्या सर्जरी कराव्या लागतात ते बघून कोणाला जेवण जात नाही (तिथल्या डॉ. मुक्वेगेंना 2018 चं शांततेचं नोबेल मिळालं, एवढं मात्र बोलता बोलता टाकून द्यायला बरं असतं). आणि आपल्या देशाच्या नकाशात येणारं तर काहीच नको. गेल्या वेळी एकीनं मणिपूरचा विषय काढला, दोन जोडपी चहा न घेता गेली, त्यातलं एक आमच्या कारपूलमधलं होतं. तेव्हापासून मी रिक्षानं जाते.

म्हणून लायबेरिया. लांब आहे, पश्चिम आफ्रिकेत, आपल्या सोसायटीतल्या कोणाचा मुलगा तिकडे नाही. दोन यादवी युद्धं मिळून दोन लाखांच्या वर माणसं गेली पण ते 2003 मध्ये संपलंय, म्हणजे आता आपल्यावर कसली जबाबदारी नाही, आणि शेवट गोड, तिथल्या बायकांनी ठिय्या देऊन शांततेसाठी दबाव आणला, वर त्यांच्या पुढारीला 2011 चं शांततेचं नोबेल. 2008 सालची एक डॉक्युमेंटरी आहे त्यावर, सव्वा तासाच्या आत आटपते, साडेसातला लावली तर नऊला पानं घेता येतात. विकत बिकत घेऊ नका हो, मला भाच्यानं टेलिग्रामवरून काढून दिली. बायकांच्या कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे यावर शेवटी चर्चा ठेवायचीच आहे, त्यात भरपाई होते.

ड्रेसकोड पांढरा. त्या बायका पांढरे टीशर्ट घालून, डोक्याला पांढरं फडकं बांधून बसायच्या, ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, अंगावर दागिना नाही मेकअप नाही. आपण पांढरा ठेवायचा पण चिकनकारी, आणि मोती चालतात कारण ते पांढरेच असतात. लसणाची लाल चटणी मात्र त्या दिवशी टाळा, मी नाही टाळली.

आता मुख्य प्रश्न, बसायचं कुठे. तिकडे मोनरोव्हियाला मासळी बाजाराजवळच्या मैदानात बसल्या त्या, राष्ट्राध्यक्षाच्या गाड्यांचा ताफा जिथून जायचा तिथेच, उन्हात, पावसात, दिवसेंदिवस. आमच्याकडे एसी 24 वर होता तरी कोपऱ्यातल्या रिक्लायनरवरून नणंद आणि शेजारच्या काकू यांच्यात जे झालं त्यावर कोणीतरी डॉक्युमेंटरी काढायला हवी. सोफ्यावर पाच मावतात, बाकीच्यांना सोसायटीच्या ऑफिसातून प्लास्टिकच्या बारा खुर्च्या आणल्या. 'ठिय्या' म्हणून सतरंजीवर बसायची कल्पना मी आमंत्रणात लिहिली होती, सगळ्यांनी हार्ट पाठवले, बसलं कोणीच नाही, सगळ्यांचे गुडघे.

प्रास्ताविक छोटं ठेवा. चार्ल्स टेलर म्हटलं की पुढच्या रांगेतून 'कोण, तो ब्लाउज बिघडवणारा?' असं येणारच. नाही म्हणून सांगायचं आणि पुढे जायचं, की हा तिथला राष्ट्राध्यक्ष, यानं लहान लहान पोरांच्या हातात बंदुका दिल्या, शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांबद्दल 2012 मध्ये याला 50 वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडे एक काका अर्धा वेळ सैबेरिया समजून बघत होते, 'एवढं ऊन कसं काय' म्हणाले, पण ते प्रामाणिक होते, मी त्यांना दोष देत नाही.

मग तो भाग येतो ज्यात त्या बायका ठरवतात की युद्ध थांबेपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. सासूबाई आणि आठवीतली मुलगी एकाच खोलीत असतील तर आधीच मिनिट बघून ठेवा आणि बरोब्बर तेव्हा 'कोणाला पाणी हवंय का' म्हणून उठा. आमच्याकडे सासूबाईंनीच मला खाली बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, 'चांगलंय की.' सासरे मोबाईल बघायला लागले.

यानंतरचा सीन खरा. 2003 च्या जूनमध्ये घानात, आक्राला, बोलणी सुरू झाली. टेबलाशी सगळे टोळ्यांचे म्होरके, राहायला चांगली हॉटेलं, आठवड्यांमागून आठवडे चाललेत आणि इकडे मोनरोव्हियात तोफगोळे पडतायत. शेवटी जुलैत त्या बायकांची पुढारी लेमा बोवी (स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक ग आहे, तो गिळायचा) बायकांना घेऊन त्या हॉलच्या दारात जाऊन बसली, हातात हात अडकवून, की तोडगा निघाल्याशिवाय आतलं कोणी बाहेर पडायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. अटक करायला गार्ड आले तेव्हा ती उभी राहिली आणि अंगावरचे कपडे उतरवायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईनं असं करणं म्हणजे बघणाऱ्याला शाप, गार्ड जागच्या जागी थिजले. मग वाटाघाटी बघणारे नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल अबुबकर स्वतः बाहेर येऊन तिच्याशी बोलले. 18 ऑगस्टला करार झाला.

हा सीन आमच्यातल्या एकीनंही बघितला नाही कारण तेव्हा आम्ही सगळ्या वडे तळत होतो. म्हणजे मी नंतर बघितला, भांडी झाल्यावर, लॅपटॉपवर. त्या वेळी आम्ही गरम वडे घेऊन बाहेर आलो आणि टीव्हीसमोर दारातच गर्दी झाली, म्हणजे दार आम्हीही अडवलेलं, हातात ताटं होती एवढाच फरक. पुरुषमंडळी म्हणाली 'अगं सरका, दिसत नाहीये.' आम्ही सरकलो.

चर्चेसाठी एक जाणकार हवा. शांततेच्या बोलण्यांत बायकांनाही जागा हवी असं यूएनचा 1325 नंबरचा ठराव 2000 सालापासून सांगतोय, हे आमच्या जाणकार काकांनी आम्हाला चाळीस मिनिटं समजावून सांगितलं, मध्ये कोणी बोललेलं त्यांना आवडत नाही. ते फारच लांबलं तर त्यांच्या हातात हा मुद्दा द्या, की 2007 मध्ये आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी यूएनकडून लायबेरियात गेली होती, यूएनची पहिलीच संपूर्ण महिला पोलिस तुकडी. काका एकदम सावरून बसले, 'म्हणजे शेवटी आपणच सोडवलं' म्हणाले, टाळ्या झाल्या, पानं घेतली.

पैशांचं सांगायचं राहिलं. फ्रिजवर क्यूआर कोड लावला होता, 1,850 रुपये जमले. वडे, श्रीखंड, एचडीएमआय केबल आणि चिकनकारीचं ड्रायक्लीनिंग मिळून खर्च 3,200. म्हणजे हिशोबानं बघायला गेलं तर त्या बायकाच आपल्याला 1,350 देणं लागतात, पण मी काही मागणार नाहीये.

आणि खुर्च्या सकाळी नऊच्या आत परत करा, मोजून. आमच्या बारा नेल्या होत्या, अकरा पोचल्या, बारावीचे 450 भरा नाहीतर पुढच्या वेळी काही मिळणार नाही असं सेक्रेटरींनी लेखी कळवलंय. मी त्यांना म्हटलं, अहो कार्यक्रम युद्धग्रस्त महिलांसाठी होता. ते म्हणाले, मग त्यांच्यातली कोणी घेऊन गेली का बघा.