तोब्रूकचा फील्ड मार्शल आणि पेट्रोलचा हिशेब

आमच्या कट्ट्यावर महायुद्धाचा विषय निघाला की जर्मन सेनापती रोमेलचे नाव हटकून येते आणि इतिहास शिकवणारे आमचे सर लगेच त्याची बाजू घेतात. १९१७ मध्ये माताजुर पर्वतावर मोजक्या तुकड्यांनिशी त्याने हजारो इटालियन सैनिकांना शरण आणले, १९४० मध्ये फ्रान्समध्ये सातवी पान्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन वरिष्ठांनाही ठावठिकाणा लागू नये इतक्या वेगाने पुढे नेली आणि २१ जून १९४२ रोजी लिबियातले तोब्रूक बंदर ब्रिटिशांकडून घेऊन सुमारे ३३,००० कैदी पकडले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ५०व्या वर्षी, तो फील्ड मार्शल झाला.

“सर, त्या कैद्यांत आपली माणसे होती,” असे आमच्यातले सुभेदार म्हणाले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. २० जूनच्या पहाटे विमानांनी जी आग्नेय बाजू भाजून काढली, तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे ‘काली पांचवी’, ठाण मांडून होती. तिच्यापुढचा रणगाडाविरोधी खंदक वाळूने बुजत आलेला होता आणि तोब्रूकभोवतीचे बरेच सुरुंग आधीच उकरून दुसरीकडे नेलेले होते. नेमकी हीच जागा हेरणाऱ्याची नजर पक्की होती, हे सुभेदारांनीही मान्य केले.

मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या आमच्या मित्राला मात्र यातले काहीच पटले नाही. आधी ठरले होते ते असे, की इजिप्तच्या सरहद्दीवर थांबायचे आणि मग माल्टा बेट घ्यायचे, कारण तिथूनच ब्रिटिश रोमेलची समुद्रमार्गे येणारी रसद बुडवत होते. भूमध्य समुद्राच्या आघाडीवरचा जर्मन सेनापती केसेलरिंग याचाही तोच आग्रह होता. रोमेलने हिटलर आणि मुसोलिनी यांना राजी करून इजिप्तमधल्या अल् अलामीनकडे धाव घेतली. “त्रिपोलीपासून दोन हजार किलोमीटर! ट्रक स्वतः पिणार किती आणि पोचवणार किती?” असा मित्राचा सवाल होता.

सर म्हणाले की ब्रिटिश फौज पळत असताना थांबणे हाच गाढवपणा ठरला असता. मला या म्हणण्यात तथ्य वाटते, पण सुभेदारांनी त्यावर १ जुलैचा दिवस पुढे केला. त्या दिवशी अल् अलामीनजवळच्या देइर अल् शेन येथे १८व्या भारतीय ब्रिगेडने संध्याकाळपर्यंत तग धरला. ती ब्रिगेड संपली, पण रोमेलच्या ५५ रणगाड्यांपैकी १८ तिथेच गारद झाले. डिव्हिजन हाकण्यात तो अव्वल होता, सैन्य पोसण्याची जबाबदारी मात्र त्याने कायम दुसऱ्याची मानली, असे माझे मत आहे.

ऑगस्टअखेरीस अलाम हाल्फाच्या कड्यावर त्याने पुन्हा हल्ला केला, तोही केवळ येऊ घातलेल्या पेट्रोलच्या भरवशावर. टँकर जहाजे समुद्रात बुडाली आणि काही दिवसांतच त्याला माघार घ्यावी लागली. “माल बंदरात उतरल्याशिवाय मी गाडी काढत नाही,” असे मित्राने ऐकवताच सर उसळून म्हणाले, “रोमेल थांबला असता तर ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीला दर आठवड्याला नवे रणगाडे मिळतच होते, त्याचे काय?”