‘पोरांचे एवढे लाड कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आघात सोसलेल्या मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण शिक्षक आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांना द्यावे, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, हे शहरी खूळ आहे, साठ पोरांच्या वर्गात एकेकाचे दुःख विचारत बसायला सवड नसते आणि छडी सुटली की शिस्तही सुटते.

दुःख विचारत बसा, असे हे प्रशिक्षण सांगतच नाही. उलट, मूल आपणहून बोलल्याशिवाय खोदून विचारू नये, हा त्यातला महत्त्वाचा धडा आहे. कर्जापायी ज्याचे वडील गेले, त्या मुलाच्या देखतच पंचनामा होतो आणि मदतीसाठी ते प्रकरण पात्र की अपात्र याची चर्चा पारावर रंगते. त्यात शाळेने भर घालण्याचे कारण नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा घरातले मूल वर्गात बसले आहे आणि शेजारच्या वावरातून औषधाचा वास खिडकीतून आत आला, असे समजा. ते एकदम ताठरते, विचारलेल्याचे उत्तर देत नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दप्तर भिरकावते. आपल्याला तो उर्मटपणा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे शरीर धोक्याला तोंड द्यायला सज्ज झालेले असते आणि अशा वेळी मेंदूची विचार करण्याची, स्वतःला आवरण्याची ताकद कमी पडते, त्यामुळे उपदेश कानावरून जातो आणि छडीने भीती वाढते. प्रशिक्षित शिक्षक आवाज खाली आणतात, त्याला पाणी पिऊन यायला सांगतात आणि ते निवळल्यावर भिरकावलेले दप्तर त्याच्याच हाताने उचलून ठेवायला लावतात. शिस्त राहतेच, फक्त ती थोड्या वेळाने लावली जाते.

छडीला शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नेच मनाई केली आहे. ‘आम्ही मार खाऊनच घडलो’ हे खरे असेलही. पण मार खाऊन जे शाळा सोडून कापूस वेचायला गेले, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाहीत.

या विषयावरचे पुष्कळ संशोधन अमेरिकेतले आहे, हे खरे. म्हणून उदाहरणे मात्र इथली हवीत. मेळघाटातले कोरकू बोलणारे सहा वर्षांचे मूल आश्रमशाळेत येते, तेव्हा रात्री भीती वाटली तर कोणाला उठवायचे आणि आई कोणत्या दिवशी भेटायला येणार, हे त्याला त्याच्या बोलीत सांगणारा कोणी असला, तरी पुष्कळ झाले.

तालुक्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण उरकून हजेरीपटावर सह्या घेतल्या की काम संपते, ही आपली तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. आसपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी तासभर, मुलाचे नाव न घेता, एखाद्या अवघड प्रसंगाची चर्चा व्हावी आणि तिथे थकलेल्या शिक्षकालाही ‘आज माझा तोल गेला’ असे म्हणता यावे. अशी चर्चा आपल्या केंद्रात आपण चालवणार असाल, तर पहिल्या बैठकीसाठी प्रसंग लिहून पाठवायची माझी तयारी आहे.