खुलासा: डेथ स्टारवर व्हेडरने मोटीला मारलं नव्हतं

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला खलनायक डार्थ व्हेडर आणि डेथ स्टार हा महाकाय अवकाशतळ यांच्याबद्दल ‘डेथ स्टारचा प्रमुख डार्थ व्हेडर होता आणि उलट बोलणाऱ्या अ‍ॅडमिरल मोटीला त्याने तिथेच गळा आवळून ठार केलं’ असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्या तळाची सूत्रं ग्रँड मॉफ (म्हणजे साम्राज्याचा बडा प्रांताधिकारी) टार्किनकडे आहेत. व्हेडर हातही न लावता मोटीचा गळा आवळतो खरा, पण टार्किनने दरडावताच निमूट सोडून देतो. (एवढा दरारा असलेला माणूस कुणाचं तरी ऐकतो, हीच त्या प्रसंगाची खरी गंमत!) आल्डरान हा अख्खा ग्रह उडवण्याचा हुकूमही टार्किनचाच. गल्लत बहुधा १९८०च्या पुढच्या चित्रपटामुळे होते. तिथे ओझेल आणि नीडा हे अधिकारी व्हेडरकडून खरोखर मारले जातात, पण डेथ स्टारवर नव्हे.