सोलर सबसिडी कशी मिळवावी: एक अनुभवी मार्गदर्शन

छतावर सोलर बसवताय? अभिनंदन. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये थेट खात्यात येतात. त्यापुढे कितीही पॅनल टाका, आकडा तोच. मी मार्चमध्ये सुरुवात केली. आता दिवाळीचा फराळही संपला, म्हणजे सल्ला देण्याइतका जाणकार मी नक्कीच झालोय.

हा आकडा बायकोला सांगू नका. मी सांगितला. त्या भरवशावर नवा फ्रिज आलाय, हप्त्यावर.

वेंडर निवडताना 'काही टेन्शन घेऊ नका साहेब' म्हणणाराच निवडा. पैसे पोचेपर्यंत तो दिवसातून तीनदा फोन करतो. तेवढ्या बोलण्यावर पुढचे सहा महिने काढायचे असतात.

आता मुख्य मुद्दा, वीजबिलावरचं नाव. अर्ज बिल ज्याच्या नावावर त्याचाच. आमचं बिल वडिलांच्या नावावर आणि वडील २०१३ साली गेले. तेव्हा वडीलधाऱ्यांना आजच बजावून ठेवा: आधी मीटर नावावर करून द्या, मग कुठं जायचं तिकडे जा. नाहीतर मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि भावंडांची स्टॅम्पपेपरवर संमती गोळा करत फिरावं लागेल. धाकटा भाऊ चार वर्षं बोलत नव्हता. या निमित्ताने बोलला. 'घर एकट्याच्या नावावर करतोयस का?' म्हणाला. ओटीपी वडिलांच्या जुन्या नंबरवर जायचा आणि तो नंबर आता संगमनेरच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे. भला माणूस. सहा वेळा ओटीपी सांगितला, सातव्यांदा म्हणाला, 'काका, ही फसवणूक तर नाही ना?' मलाही तीच शंका होती.

एवढं करून वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात कागद दिले, तर तिथले साहेब म्हणाले, दाखल्यावर 'दत्तात्रय' आहे, बिलावर 'दत्तात्रेय'. मात्रा जुळत नाही. प्रतिज्ञापत्र आणा. बिलावर मात्रा कुणी दिली? यांच्याच कारकुनाने. प्रतिज्ञापत्र कुणी करायचं? मी. बारा वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर दर महिन्याला बिल धाडलंत, दर महिन्याला ते भरून घेतलंत, एकदा तरी विचारलंत का, की गृहस्थ हयात आहेत का म्हणून? पैसे घेताना दत्तात्रय चालतो, दत्तात्रेय चालतो, कैलासवासीसुद्धा चालतो!

असो. सल्ला चालू होता.

बँकेच्या पासबुकावर मधलं नाव नसेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

१० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक पडताळणीशिवाय मंजूर समजावा, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. तो सेक्शन ऑफिसात मोठ्याने म्हणू नका.

पॅनल बसले म्हणजे वीज सुरू झाली, असा गैरसमज नको. नेट मीटर, म्हणजे आपण घेतलेली आणि परत पाठवलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागायला हवा, आणि तो स्टॉकमध्ये नसतो. माझ्या पॅनलखाली सध्या कबुतरांची तिसरी पिढी सुखाने नांदतेय. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला सुरू झाला. त्याला नेट मीटर लागत नाही.

आता सरळच बोलतो. योजना चांगली आहे. एक कोटी घरांसाठी ७५,००० कोटींवर रुपये ठेवलेत, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट पडलंय. अडतं ते एका टेबलावर. आठ महिन्यांत मी त्या टेबलापुढे अकरा वेळा उभा राहिलो. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी एकदाही मिळाली नाही. दर खेपेला एक नवा कागद. हा नियम नव्हे, मुजोरी आहे.

गेल्या मंगळवारी माझ्यापुढे एक आजी होत्या. दोन एसट्या बदलून आलेल्या. नवऱ्याचा दाखला त्यांनी जपून लॅमिनेट करून आणला होता. साहेब म्हणाले, लॅमिनेट केलेला चालत नाही, पुढच्या मंगळवारी या. आणि चहाला गेले.

अहो, एक यादी छापून भिंतीला चिकटवायला किती पैसे लागतात? खळ माझी, कागद माझा. चिकटवा की.