एका बाकावरचा विरोधी पक्ष

वाद सुरू केला वकिलाने. सभागृहात एकटा माणूस निवडून आला तर तो काय दिवे लावणार, एवढंच तो म्हणाला होता. मास्तरांनी कटिंगचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि एकच नाव घेतलं: हेलन सुझमन.

"दक्षिण आफ्रिकेची," बँकवाला म्हणाला. "वर्णद्वेषी राजवटीतली. तेरा वर्षं एकटी होती ना?"

"अगदी एकटी. १९५९ला युनायटेड पार्टी या मुख्य विरोधी पक्षातून काही खासदार फुटले आणि त्यांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. १९६१च्या निवडणुकीत बाकीचे सगळे आडवे झाले. जोहान्सबर्गच्या हॉटनमधून ही तेवढी आली, तीसुद्धा ५६४ मतांनी. तिथून १९७४पर्यंत संसदेत पक्ष म्हणजे ती. पक्षनेता, प्रतोद, अर्थ, गृह, तुरुंग, सगळं तीच बघायची."

"आणि मतदार कोण?" वकिलाने लगेच पकडलं. "हॉटन म्हणजे पैसेवाल्या गोऱ्यांचं उपनगर. लिथुआनियातून आलेल्या ज्यू घरातली मुलगी, नवरा नावाजलेला डॉक्टर. देशातल्या बहुसंख्य लोकांना मतच नाही, आणि संसदेत एक बाई तावातावाने बोलतेय. सरकारला तर बरंच की! जगाला दाखवायला शोकेसमधली बाहुली."

हा आक्षेप वकिलाचा स्वतःचा नव्हे. तिच्या हयातीत, तिच्याच देशात तो झाला होता, आणि फेटाळण्याइतका फुसका तो नाही.

मास्तर भाषणांकडे वळलेच नाहीत. "राजकारणात येण्याआधी ती विट्स विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवायची. सरकारने नेमलेल्या फेगन आयोगासाठी स्थलांतरित मजुरांवरचा पुरावा तिने तयार केला होता. तेव्हा कायद्याची झळ आकड्यात कशी पकडायची हे तिला ठाऊक होतं. संसदेत तिचं खरं हत्यार म्हणजे प्रश्न."

"प्रश्न तर सगळेच विचारतात."

"विचारतात, पण ढिसाळ. 'कैद्यांचे हाल होतात हे खरे आहे काय?' असं विचारलंस की मंत्री 'नाही' म्हणून खाली बसतो, संपलं. त्याऐवजी गेल्या वर्षी पासच्या कायद्याखाली किती जणांवर खटले भरले, ते विचार. आता आकडा द्यावा लागतो. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, शब्दही तेच. शब्द बदललास की मंत्री मोजायची पद्धत बदलतो आणि दोन वर्षांची तुलनाच होत नाही. पास म्हणजे काळ्या माणसाने सतत खिशात ठेवायचा परवाना. त्यापायी वर्षाला लाखो माणसं कोर्टापुढे उभी राहत होती, आणि हे सरकारच्याच तोंडून हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, छापून येत होतं. एक मंत्री चिडून म्हणाला, तुमच्या प्रश्नांनी देशाची बाहेर नाचक्की होते. ती म्हणाली, माझ्या प्रश्नांनी नाही, तुमच्या उत्तरांनी होते."

"पण छापून काय होणार?"

"तिथेच तर मेख आहे. १९५९च्या तुरुंग कायद्याने तुरुंगातल्या हालांबद्दल लिहिणं फार जोखमीचं केलं होतं. मजकूर चुकीचा निघाला तर वर्तमानपत्रावर खटला, आणि पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवायचं त्यानेच. संसदेत बोललं गेलेलं मात्र छापता यायचं. म्हणून कैद्यांचे नातेवाईक आणि वकील तिला पत्रं पाठवत. ती शहानिशा करायची, मग सभागृहात मांडायची."

बँकवाला खुलला. "म्हणजे काळ्याचं पांढरं करून घेणं!"

"या विषयात तरी तो वाक्प्रचार नको," वकील म्हणाला. हसला मात्र तोही. लगेच पुन्हा मुद्द्यावर आला. "१९६३चं काय? खटल्याशिवाय ९० दिवस डांबायचा कायदा. युनायटेड पार्टीने सरकारच्या बाजूने मत दिलं, विरोधात ही एकटी. कायदा झालाच. त्याच कायद्यात शिक्षा भोगून झालेल्या माणसालाही आत ठेवायचं कलम होतं. ते वापरलं फक्त एकावर, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचा नेता रॉबर्ट सोबुक्वेवर. दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी हिचा विरोध, आणि तो १९६९पर्यंत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात."

"मान्य. पण बेटाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. १९६७ला ती तिथे गेली. पहिल्या कोठड्यांमधल्या कैद्यांनी तिला सांगितलं, आमच्यापाशी वेळ घालवू नका, ओळीच्या टोकाला मंडेला आहेत तिकडे जा. तुरुंगाचे वरिष्ठ शेजारी उभे असताना मंडेलांनी जेवण, कपडे, वर्तमानपत्रं अशा तक्रारी सांगितल्या. शिवाय व्हान रेन्सबर्ग नावाचा एक वॉर्डर होता, त्याच्या हातावर नाझी स्वस्तिक गोंदलेलं. ज्यू बाईसमोर ही तक्रार! तिने ती वर लावून धरली आणि तो माणूस बेटावरून हलला."

"एक वॉर्डर."

"त्याच्या हाताखाली दगड फोडणाऱ्याला विचार, एक म्हणजे किती ते."

यावर वकील थोडा गप्प झाला. बँकवाल्याने मधेच दुसरा धागा ओढला. त्या संसदेची झळ आपल्याकडच्या माणसांनाही लागली होती. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये कोकणातून गेलेल्या मुसलमानांचीही घरं होती. फेब्रुवारी १९६६मध्ये तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढे घरांवर बुलडोझर फिरले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंतप्रधान फेरवुर्ट यांचा भर सभागृहात खून झाला. संरक्षणमंत्री पी. डब्ल्यू. बोटा सुझमनवर बोट रोखून ओरडले, हे तुम्ही उदारमतवाद्यांनी केलंय, आता तुम्हाला बघतो. तिने माफी मागायला लावली. घरी शिवीगाळीचे फोन यायचे, त्यासाठी फोनजवळ शिट्टी ठेवलेली. पलीकडचा सुरू झाला की रिसीव्हरमध्ये जोरात फुंकायची.

"शिट्टी झकास," वकील म्हणाला, "पण दोन गोष्टी मी सोडणार नाही. तिचा पक्ष १९७८पर्यंत सगळ्यांना मत द्यायला तयार नव्हता, शिक्षण आणि मालमत्तेची अट होती. आणि पुढे जगाने आर्थिक बहिष्कार घातला त्यालाही तिचा विरोध."

इथे मास्तर अडले. बहिष्काराने पहिली नोकरी काळ्या मजुराची जाईल, हे तिचं म्हणणं त्यांनी सांगितलं, पण आवाजात आधीचा जोर नव्हता. मंडेलांच्या पक्षाला बहिष्कार हवा होता, तेव्हा मजुराच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न उरतोच. मताधिकाराच्या अटीचा बचाव तर त्यांनी केलाच नाही.

"तरी १० डिसेंबर १९९६ला शार्पव्हिलमध्ये मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली तेव्हा ती तिथे होती," बँकवाला म्हणाला.

"त्या घटनेत अट नव्हती," वकील म्हणाला.