‘भित्र्यांना सबब’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

मागील आठवड्यात ‘चारचौघांतला माणूस’ हा लेख मी येथे लिहिला. सामाजिक मानसशास्त्राची मूळ भूमिका त्यात मांडली होती: माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावाइतकेच भोवतीच्या माणसांवर आणि प्रसंगावर ठरते. कुर्ट लेविन यांनी 1936 मध्ये हीच गोष्ट सूत्रात बांधली. वर्तन हे व्यक्ती आणि तिचे पर्यावरण या दोहोंचे मिळून फलित असते, असे ते सूत्र सांगते. त्यावर ‘जुना पंचवटीकर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगाचा आकडा मी चुकीचा दिला; अमेरिकेतील कॉलेजच्या मुलांवरचे प्रयोग आपल्या लोकांना लागू पडत नाहीत; स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, म्हणजे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला प्रयोग, कधीच उघडा पडला आहे; आणि ‘परिस्थिती परिस्थिती करत तुम्ही भित्र्यांना सबब पुरवता, चांगला माणूस चारचौघांतही चांगलाच वागतो’, असे तीत म्हटले आहे. शेवटी ‘मास्तरांनी पोपटपंची आवरती घ्यावी’ असा सल्लाही आहे.

मास्तर या शब्दाचे मला वाईट वाटत नाही. नाशिकमधल्याच एका महाविद्यालयात मी 22 वर्षे मानसशास्त्र शिकवले आणि त्या शब्दाचा मला अभिमान आहे. पोपटपंची या शब्दाचे मात्र वाईट वाटले, आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही. न समजता पाठ म्हटले की ती पोपटपंची होते. मला विषय समजलेला नाही हे आपण लेखातील कोणत्या वाक्यावरून ठरवले, ते वाक्य दाखवायला हवे होते. मतभेद कळवायला चार शब्द पुरतात. अपमान करण्यासाठी मात्र टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागतो.

आकड्याबाबतची आपली सूचना रास्त आहे. ॲश यांच्या प्रयोगात दाखवलेल्या रेषेइतकी लांब रेष कोणती, हे गटातल्या प्रत्येकाने सर्वांसमोर मोठ्याने सांगायचे होते; एक सोडून बाकीचे सगळे आधीच पढवलेले होते. ‘एक तृतीयांश लोक गटापुढे झुकले’ असे मी लिहिले होते. वास्तविक ज्या फेऱ्यांमध्ये बाकीचे सगळे मुद्दाम चुकीच्या रेषेकडे बोट दाखवत होते, त्या फेऱ्यांतील साधारण एक तृतीयांश उत्तरे गटाच्या बाजूने गेली होती. एकदा तरी झुकलेल्यांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते. माझी चूक झाली. पण ती सुधारल्यावर माझा मुद्दा आणखी बळकट होतो, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही.

आता सबबीच्या वाक्याकडे वळतो, कारण दोन दिवस तेच माझ्या डोक्यात आहे.

जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपण वाचला असता, तर भित्रा हा शब्द आपण इतक्या सहज वापरला नसता. न्यूयॉर्कमधील विद्यार्थी आपापल्या खोलीत बसून इंटरकॉमवरून बोलत होते आणि बोलता बोलता त्यांच्यातल्या एकाला फिट आल्याचे ऐकू आले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी 85 टक्के जण फिट संपण्याआधीच मदतीसाठी बाहेर पडले. आणखी चौघेजण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. दोन्हीकडची मुले एकाच तऱ्हेची होती. कोणी कुठे बसायचे हे काही स्वभाव पाहून ठरवले नव्हते. आणि जे उठले नाहीत ते निर्ढावलेले नव्हते. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि ‘तो बरा आहे ना?’ असे ते विचारत होते. त्यांना काळजी होती, आणि तरीही ते खुर्चीतून उठले नव्हते. ‘भित्रा’ म्हणून मोकळे होणाऱ्याला या गोष्टीचा उलगडा कधीही होणार नाही.

पुस्तकातले पुरे म्हणत असाल, तर माझ्या घरचे सांगतो. सुमारे नऊ वर्षांपूर्वी इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या. संशय पेठ तालुक्यातून आलेल्या रखवालदारावर घेतला गेला. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली, त्याला काढण्याचा ठराव वहीत लिहिला गेला आणि सह्यांसाठी वही फिरू लागली. ती माझ्या मांडीवर आली तेव्हा तिच्यात 11 सह्या होत्या. माझ्या मुलीला रोज सकाळी शाळेच्या रिक्षात बसवून देणाऱ्या या माणसाविरुद्ध एकही पुरावा नाही, हे मला स्वच्छ दिसत होते. ॲशचा प्रयोग मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवला होता. बाराव्या ओळीवर माझी सही आहे.

माझ्यानंतर तिसऱ्या क्रमांकाला तळमजल्यावरच्या एक मावशी होत्या. त्यांनी वही मिटून परत केली आणि म्हणाल्या, ‘मी नाही करणार सही. त्याला नेताना बघितलंय का कुणी?’ त्यांच्या शेजारच्या दोघांनी हातातली पेने खाली ठेवली. पण बहुमत तोवर झाले होते. दोन दिवसांनी तो माणूस स्टोव्ह आणि वळकटी घेऊन पेठच्या एसटीत बसला. दोन महिन्यांनी तोट्या पुन्हा चोरीला गेल्या.

आता मला सांगा, मी वाईट माणूस आहे की भित्रा? काय म्हणायचे ते म्हणा, मी ऐकून घेईन. पण मावशींशेजारचे ते दोघे तुमच्या हिशेबात कुठे बसतात? वही जवळ आली तेव्हा त्यांनीही पेन उघडले होते. एका बाईच्या एका वाक्यानंतर ते मिटले. ॲश यांनी नेमके हेच तपासले होते. गटात खरे उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तर गटाच्या बाजूने दिलेल्या चुकीच्या उत्तरांचे प्रमाण चौथाईवर येत होते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातील प्रयोगात 40 पैकी 26 जण प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, समोरच्याला विजेचे झटके देत आहोत या समजुतीने, शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले, हे तुम्हाला नक्की माहीत असेल. याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी फक्त 4 उरले, हे मात्र कोणी सांगत नाही. धैर्यही परिस्थितीतून येते. मी ज्याला परिस्थिती म्हणतो, तिच्यात तळमजल्यावरच्या मावशीही आल्या. यात सबब कुठे आहे? माझ्या सहीची जबाबदारी माझीच आहे आणि ती मी कधी झटकलेली नाही. पण ‘माझा स्वभावच कमकुवत’ एवढेच म्हणून थांबलो असतो, तर पुढच्या सभेतही वही तशीच फिरली असती. मी हट्ट धरला आणि आता आमच्याकडे माणसासंबंधीचा कोणताही ठराव घडी घातलेल्या चिठ्ठीवर होतो. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असेल, तर झुकणारे खूप कमी होतात, हेही ॲश यांनीच दाखवले होते.

उरलेल्या दोन आक्षेपांवर फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. स्टॅनफर्डच्या प्रयोगाबद्दल माझ्या लेखात एक ओळही नव्हती. न लिहिलेल्या ओळीचे उत्तर मी देणार नाही. आणि अमेरिकेविषयी म्हणाल, तर 1934 च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला होता. धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागांतही आणखी मोठे संकट येणार असल्याच्या अफवा का पसरल्या, या कोड्यावर विचार करतानाच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना आपल्या 1957 च्या विसंगती सिद्धांताची वाट सापडली. मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसत नसेल तर माणूस तो कसाही बसवू पाहतो, असे तो सिद्धांत सांगतो. जोन मिलर यांनी 1984 मध्ये शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांची तुलना केली. ओळखीच्या माणसाच्या वागण्याचे कारण सांगताना शिकागोची प्रौढ माणसे स्वभावाकडे, तर म्हैसूरची प्रसंगाकडे आणि नात्यांकडे अधिक बोट दाखवत होती. म्हणजे ‘माणसाचा स्वभाव हेच सगळे’ ही जी भूमिका तुम्ही आपल्या मातीतली म्हणून मांडता, ती शिकागोला जास्त जवळची आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. मूळ लेखातील ॲशचे वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे.